बसेल!

पानिपतात राहणाऱ्या मराठी माणसाकडे गावाहून पाहुणा आला की चहा उकळायच्या आत विषय 1761 वर येतो. आपण हरलो का? इथल्या आम्हा मोजक्या मराठी घरांत प्रत्येकाचं उत्तर पाठ आहे. कुणी म्हणतं, बायकामुलं आणि यात्रेकरू बरोबर न्यायला नको होते. कुणी म्हणतं, होळकरांचं आणि सूरजमल जाटाचं ऐकून गनिमी काव्याने लढायला हवं होतं. कुणी विश्वासरावांना लागलेल्या गोळीपाशी येऊन गप्प होतं. भाऊसाहेब हत्तीवरून उतरले तिथेच घात झाला, असं म्हणणारे तर आमच्या कॉलनीत प्रत्येक गल्लीला एक आहेत.

बसेलकाकांचं उत्तर एका शब्दाचं आहे.

"सस्पेन्शन."

पाहुणा चमकतो. काका बशी खाली ठेवतात. "इब्राहिमखान गारद्याच्या तोफा काय होत्या माहीत आहे ना? पल्ला जबरदस्त, पण वजन? ओढायला बैलांच्या जोड्यांवर जोड्या. गाड्याला पाटे नाहीत, स्प्रिंग नाही, पुढचा आस वळायला नाखूश. एकदा तोंड पूर्वेला केलं की पूर्वेला. आणि अब्दालीकडे काय होतं? जंबूरक! उंटाच्या पाठीवर लहानशी तोफ. उंट म्हणजे काय? चारही पायांना स्वतंत्र सस्पेन्शन! खड्डा असो, ओहोळ असो, तोफ आपली सपाट. जिथे वळायचं तिथे वळली." मग आवाज खाली आणून, जणू शनिवारवाड्यातलं गुपित फोडताहेत अशा थाटात, "तोफा काढून उंटांवर बसवायला हव्या होत्या. बसल्या असत्या."

"त्या जड तोफा? उंटावर?"

"बसल्या असत्या हो. कंस करावा लागला असता थोडा."

बसेलकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव पेन्शनच्या कागदांवर आहे आणि ते काकूंखेरीज फारसं कुणाला आठवत नाही. कुठलाही सुटा भाग हातात दिला की काका तो उलटासुलटा करतात, एक डोळा मिटतात, तर्जनी आणि अंगठा ताणून भोकांमधलं अंतर घेतात आणि म्हणतात, "बसेल." कशाला बसेल, हे नंतर ठरतं. त्यांच्या घरातल्या कुकरचं भांडं एका घराण्याचं आणि झाकण दुसऱ्याचं. काकूंच्या चष्म्याची डावी काडी काकांच्या जुन्या चष्म्याची आहे, त्यामुळे काकू कायम किंचित संशयाने बघत असल्यासारख्या दिसतात. संशयाला जागा आहेच, तो भाग वेगळा.

काका मूळचे कुर्ल्याचे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता, फियाट तिथेच बनायची, आणि काकांच्या सांगण्यानुसार कारखान्याच्या भोंग्यावर त्यांच्या आईचा कुकर चढायचा आणि उतरायचा. नोकरीने त्यांना पानिपतच्या रिफायनरीत आणलं. 1998 साली ती सुरू झाली, त्यानंतर लवकरच काका आले आणि निवृत्तीनंतर परत गेले नाहीत. का गेले नाहीत, असं विचारलं तर म्हणतात, "हे गाव माझं आहे."

आणि हे खरं आहे. मी इचलकरंजीचा, सुताच्या धंद्यामुळे इथे आलो, म्हणून मला ते जरा लवकर कळलं. थंड देशांतले लोक जे लोकरीचे कपडे टाकून देतात त्यांचे गठ्ठे बोटीने भारतात येतात आणि पानिपतात फुटतात. बायका ओळीने बसून चेन काढतात, बटणं कापतात, अस्तर सोडवतात. रंगांचे ढीग लागतात. मग यंत्रात घालून कपड्याचे पुन्हा तंतू करतात, तंतूंचं सूत आणि सुताची घोंगडी. कुणा गोऱ्या आजोबांच्या कोटाची कॉलर आणि कुणा शाळकरी पोरीच्या स्वेटरची बाही मिळून रेल्वेत अंगावर घ्यायचं ब्लँकेट होतं. जगभर फाटलेलं इथे एकमेकांना बसतं. पहिल्यांदा तो कारखाना पाहिला तेव्हा काका म्हणे अर्धा तास काही बोललेच नाहीत. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "हे लोकरीला जमतं, तर लोखंडाला का जमू नये?"

तेव्हापासून त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन गाड्या आहेत. 1974 ची प्रीमियर पद्मिनी, 1971 ची अ‍ॅम्बॅसेडर आणि 1969 ची स्टँडर्ड हेराल्ड. गाड्या तीन, पण पुढची अंगं, म्हणजे सस्पेन्शन आणि स्टेअरिंग, दोनच. म्हणजे सुरुवातीला तीनच होती. कालांतराने आर्म इकडचे, हब तिकडचे, रॅक तिसरीकडचा असं होत होत दोन पूर्ण होतात आणि एक कायम कमी पडतं. त्यामुळे कुठल्याही दिवशी गेलात तरी दोन गाड्या चाकांवर आणि एक विटांवर असते. विटांवर कोण, हे पाळीपाळीने ठरतं. काकू त्याला 'बाहेर बसणं' म्हणतात.

आता या तिन्ही गाड्यांचं थोडं कुळशील सांगायला हवं, कारण काका ते पाच मिनिटांत सांगतातच, मग मीच का नको? पद्मिनी म्हणजे इटलीची फियाट 1100. पुढे दोन-दोन आर्म, मध्ये गुंडाळी स्प्रिंग, आणि वर्मचा स्टेअरिंग बॉक्स. बॉक्स झिजला की स्टेअरिंग दोन बोटं फिरवलं तरी चाकांना पत्ता नसतो. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचे हात सरळ रस्त्यावरही सतत हलत असायचे ते त्यामुळे. (शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. काकांनी तीन दिवस दाढी केली नव्हती.) अ‍ॅम्बॅसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. तिला पुढे स्प्रिंग दिसतच नाही. लांब पोलादी दांडा पीळ खातो आणि सोडतो, तेच तिचं सस्पेन्शन. टॉर्शन बार. आणि स्टेअरिंग रॅक-पिनियनचं, म्हणजे मधला प्ले फारसा नाही.

हेराल्ड मात्र काकांची लाडकी. मद्रासला बनायची. अंगकाठी मिकेलोत्ती नावाच्या इटालियनाची, चासी इंग्रजांची. इंग्लंडात ही गाडी 1950 च्या दशकात आखली जात होती तेव्हा कंपनीला बॉडी करून देणारा कारखानाच प्रतिस्पर्ध्याने विकत घेतला. अखंड बॉडी करून देणार कोण? मग कंपनीने वेगळी चासी घेतली आणि तिच्यावर तुकड्यातुकड्यांनी, नटबोल्टांनी सगळं अंग जोडलं. "म्हणजे बघ," काका सांगतात, "ही गाडी मुळातच सुट्या भागांची. हिचा जन्मच बसवण्यातून झाला." हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे पालथं पडतं आणि सगळं पुढचं अंग उघडं होतं. काका चाकावर बसून काम करतात, चहा रेडिएटरवर ठेवतात. आणि वळते किती? 25 फुटांच्या वर्तुळात. साडेसात मीटर. लंडनच्या टॅक्सीलाही लाजवेल. "भाऊसाहेबांकडे ही असती," असं एक वाक्य काकांनी सुरू केलं होतं, पण काकूंनी ते पूर्ण होऊ दिलं नाही.

लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने आपल्या 'इलान' या स्पोर्ट्स गाडीच्या पुढच्या अंगाला ट्रायम्फचे हेच भाग वापरले, ही काकांची ब्रह्मास्त्रासारखी जपलेली माहिती आहे. बाकी सगळे मुद्दे संपले की ते ती सोडतात. "चॅपमनने बसवलं. बसलं. जगभर नावाजलं. आणि मी बसवलं की जुगाड?"

जुगाड हा शब्द इथे जपून वापरावा लागतो. हरियाणात जुगाड म्हणजे नुसती युक्ती नव्हे, वाहन आहे: शेतातल्या पंपाचं डिझेल इंजिन, लाकडी फळ्या, भंगारातल्या जीपचा आस आणि स्टेअरिंग, वर पंधरा माणसं. मंडी डबवालीला तर भंगारातून जीपा उभ्या करणाऱ्यांचा बाजारच आहे. काकांना हे लोक आवडतात, पण त्यांच्यात आपली गणना केलेली आवडत नाही. "ते कापतात," काका म्हणतात. "मी कापत नाही." यात तथ्य आहे. काकांचा एक नेम आहे आणि तो त्यांनी कधी मोडलेला मी पाहिला नाही: वेल्डिंग नाही, करवत नाही. जे बसवायचं ते नटबोल्टने, म्हणजे उद्या काढून मूळ भाग जागेवर लावता आला पाहिजे. काढलेला प्रत्येक भाग रॉकेलने धुऊन, चिठ्ठी बांधून फळीवर जातो.

त्या फळ्या बघण्यासारख्या आहेत. पानिपतच्या पराभवाची बातमी पेशव्यांपर्यंत सावकारी भाषेत गेली होती, मोती, मोहरा आणि खुर्दा अशा शब्दांत, हे आपल्याकडे पोरासोरांना माहीत असतं. काकांनी तिन्ही फळ्यांवर खडूने हेच लिहिलंय. 'मोती' फळीवर जे पुन्हा मिळणं नाही ते. 'मोहरा' फळीवर रॅक, आर्म, टॉर्शन बार, म्हणजे मायापुरीच्या भंगारबाजारात किंवा कश्मिरी गेटला पाय झिजवले तर मिळतील असे. आणि खुर्दा म्हणजे नट, वॉशर, शिम, स्प्लिट पिना. खुर्द्याची गणती तेव्हाही कुणी केली नव्हती, आजही होत नाही. काकूंच्या मते त्यातला बराचसा आमटीच्या डब्यांत आहे.

पान्यांचे संच मात्र दोन. इटालियन गाडी मिलिमीटरची, इंग्रज गाड्या इंचाच्या. भारताने 1956 साली कायदा करून मेट्रिक मापं स्वीकारली, पण काकांच्या शेडमध्ये ती अजून पोचायची आहेत. गाडीखाली आडवं पडून हात बाहेर काढून काका पाना मागतात, आणि आपण जो देतो तो कायम दुसऱ्या घराण्याचा असतो.

माझा या सगळ्यात शिरकाव झाला तो एका रविवारी. काका दारात उभे, हातात मोजपट्टी.

"इचलकरंजीकर, हेराल्डच्या पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत किती? 2324 मिलिमीटर. पद्मिनीचं? 2340."

"बरं."

"बरं काय! सोळा मिलिमीटर! अर्ध्या इंचाच्या वर जेमतेम! छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळले. हेराल्डचा रॅक पद्मिनीला द्यायचा. बॉक्सचा प्ले गेला, आयुष्यभराचं दुखणं गेलं. तू फक्त स्टेअरिंग धर."

"तू फक्त स्टेअरिंग धर" या वाक्याने माझे पुढचे सात रविवार गेले.

मिस्त्री होता. मिस्त्री तसा नेहमीच असतो. या भागातल्या रोड समाजातला. पानिपतावरून जे मराठे परत गेले नाहीत त्यांचे आपण वंशज, असं हे लोक मानतात, आणि त्या नात्याने मिस्त्री काकांना ताऊ म्हणतो आणि पैसे कमी घेतो. त्याने रॅक हातात घेतला, पद्मिनीखाली डोकं घातलं, बाहेर आला आणि विडी पेटवली.

"ना बैठै, ताऊ."

"बैठेगा, बैठेगा."

"पुर्जा बैठै ना बैठै, गाड्डी जरूर बैठ ज्यागी."

अडचण अशी होती की रॅकला जी जागा हवी तिथे पद्मिनीच्या इंजिनाचं चेंबर येत होतं. चेंबर कापायचं नाही, हा नेम. काकांनी दोन रात्री विचार केला. तिसऱ्या दिवशी रॅक उचलला आणि मूळ गाडीत तो आसाच्या ज्या अंगाला असतो त्याच्या नेमक्या दुसऱ्या अंगाला नेऊन, दोन लोखंडी पट्ट्यांवर, आठ बोल्टांनी पक्का केला. बसला! खरंच सुरेख बसला. टाय रॉड जुळले, चाकं वळली, प्ले औषधालाही नाही. काकूंनी साखर वाटली. मिस्त्रीने साखर खाल्ली आणि तो काही बोलला नाही. ते त्याचं न बोलणं मला तेव्हा समजायला हवं होतं.

चाचणीसाठी शेजारच्या कारखान्याचं मागचं आवार मिळालं होतं. मी गाडीत, काका बाहेर, हातात रुमाल. पहिला गिअर टाकला, गाडी निघाली. समोर गठ्ठ्यांची रास दिसली म्हणून मी स्टेअरिंग उजवीकडे घेतलं. गाडी डावीकडे गेली. मला वाटलं कमी फिरवलं, म्हणून आणखी उजवीकडे घेतलं. गाडी आणखी डावीकडे. "उजवीकडे घे!" काका ओरडले. घेतोच आहे की! त्या क्षणी माझ्या मनात जे चाललं होतं ते फक्त लगाम तुटलेल्या घोडेस्वारालाच कळेल. गाडी शांतपणे, सभ्य वेगात, लोकरीच्या स्वेटरांच्या राशीत शिरली आणि काचेवर एक पिवळी बाही येऊन विसावली.

लागलं कुणालाच नाही. पानिपतात अपघात करायचा तर तो तिथेच करावा.

कारण साधं होतं. रॅक डावीकडे सरकला की तो स्टेअरिंगच्या आर्मांना त्याच बाजूला ढकलतो. आर्म आसाच्या पुढे असतील तर चाकं एका बाजूला वळतील, मागे असतील तर उलट्या. रॅकची बाजू बदलली, पण पिनियनला ते कुणी सांगितलं नाही. अठराव्या वर्षी तंत्रनिकेतनात शिकलेली गोष्ट. काका पाच मिनिटं डोक्याला हात लावून बसले. मग उठले तेव्हा चेहरा उजळलेला.

"रॅक पालथा करायचा!"

आणि यात ते बरोबर होते. रॅक पालथा घातला की दिशा सुलटी होते. फक्त रॅक पालथा घातला की पिनियनही या टोकाचा त्या टोकाला जातो. म्हणजे आता स्टेअरिंगचा दांडा निघत होता शेजारच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायाशी.

"अमेरिकेत डावीकडेच असतं," काका म्हणाले.

"अमेरिकेत ब्रेकही डावीकडेच असतात," मी म्हणालो.

ब्रेक, क्लच, अ‍ॅक्सिलरेटर उजवीकडेच राहिले होते. पद्मिनीचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर असतो, तो जुना दांडाही चाक काढून तसाच ठेवला होता, मुंडकं उडालेल्या शिपायासारखा. नवं चाक, अ‍ॅम्बॅसेडरचं, डावीकडे. पुढच्या रविवारी त्या आवारात जे घडलं ते मी आयुष्यात विसरणार नाही: उजवीकडे काका, पाय तिन्ही पेडलांवर, हातात गिअर, डावीकडे काकू, पदर खोचलेला, हातात स्टेअरिंग. गाडी आवारात तीन फेऱ्या फिरली. एक धक्का नाही. वळणं लोण्यासारखी. तिसऱ्या फेरीला काकूंनी खिडकीतून मला हात केला आणि म्हणाल्या, "लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. आज कुठे स्टेअरिंग माझ्याकडे आलं!"

काकू उतरायला तयार नव्हत्या. मिस्त्री कधी नव्हे तो हसत होता.

ते सगळं काढलं अर्थातच. कापलेलं काही नव्हतं, त्यामुळे एका दिवसात निघालं. पण रॅक हेराल्डला परत लावताना दुसरंच उघडकीला आलं. हेराल्डच्या पुढच्या चाकाची उभी कडी खाली एका पितळी ट्रनियनमध्ये आट्यांवर फिरते. त्या ट्रनियनला ग्रीस चालत नाही, 90 नंबरचं गिअर ऑइल लागतं. ग्रीस घातलं तर ते आट्यांपर्यंत पोचत नाही, वाळतं, पाणी शिरतं, गंज धरतो, आणि एक दिवस कडी तळाशी मोडून चाक अंगाखाली मुडपतं. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं ग्रीसच ठासलं होतं. उजवा ट्रनियन निकामी. 'मोती' फळीवर एक होता, पण डावा.

"बसेल," काका म्हणाले. सवयीने.

मिस्त्री काही बोलला नाही. काकांनी फिरवायला सुरुवात केली. बसेना. पुन्हा. बसेना. डाव्या चाकाचे आटे उलटे आणि उजव्याचे सुलटे, असं ते मुळात केलेलं आहे. तीन वेगळ्या देशांच्या, वेगळ्या मापांच्या गाड्यांत लग्नं लावणारा हा माणूस, आणि एकाच गाडीचं डावं तिच्याच उजव्याला बसत नव्हतं. काकांनी ट्रनियन पुसला, चिठ्ठी पुन्हा बांधली आणि फळीवर ठेवला. त्या संध्याकाळी ते लवकर जेवून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन. "गणपतीला हत्तीचं डोकं बसवलं तेव्हा शंकराने आटे मोजले होते का?"

मागून काकूंचा आवाज आला, "शंकराला ते पहिल्याच खेपेला जमलं होतं म्हणावं."

अ‍ॅम्बॅसेडरचीही एक कथा आहे, पण ती थोडक्यात. हेराल्डचे स्टेअरिंग आर्म तिला लावले. बसले. मग दोन्ही आर्मांपासून मागे सुतळी ओढून बघितली. त्या सुतळ्या मागच्या आसाच्या मधोमध भेटायला हव्यात, म्हणजे वळताना आतलं आणि बाहेरचं चाक आपापल्या वर्तुळात फिरतं. घोडागाड्यांच्या काळातली युक्ती आहे, अकरमनने 1818 साली इंग्लंडात तिचं पेटंट घेतलं. अ‍ॅम्बॅसेडरच्या दोन आसांमधलं अंतर हेराल्डपेक्षा 140 मिलिमीटर जास्त. सुतळ्या आसाच्या साडेपाच इंच अलीकडेच भेटल्या. दर वळणाला टायर किंचाळायचे. काकांनी त्यावर रेडिओ बसवला.

आता मुख्य गोष्ट. यातली एकही गाडी रस्त्यावर नेता येत नाही. पानिपत एनसीआरमध्ये मोडतं आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाडीला इथे रस्ता बंद, यावर सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली शिक्का मारला. नंतर सवलती, सूचना, तारखा यांची ये-जा चालूच असते. काका वर्तमानपत्रातलं प्रत्येक कात्रण 'खुर्दा' फळीवर ठेवतात. एक वाट उरते. 2021 साली केंद्राने नियम केला: पन्नास वर्षांपुढची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. रोजच्या वापराला नाही, पण प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते. तिन्ही गाड्या वयाने बसतात. मात्र गाडी मूळ स्वरूपात हवी; चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको.

"यात सस्पेन्शनचा शब्द आहे का? स्टेअरिंगचा आहे का?" काकांनी नियमाची प्रत माझ्यापुढे नाचवली. "नाही ना? बसतं की नाही मग?"

मी म्हटलं, "काका, अर्जात पहिलाच रकाना मेकचा आहे. कुठली गाडी म्हणून लिहाल?"

काका शेडकडे बघत राहिले. विटांवर त्या दिवशी हेराल्ड होती. तिचा उजवा आर्म पद्मिनीत, स्टेअरिंग अ‍ॅम्बॅसेडरमध्ये. पद्मिनीचं हब अ‍ॅम्बॅसेडरला. अ‍ॅम्बॅसेडरचा एक टॉर्शन बार भिंतीला टेकून उभा, त्यावर काकूंचा ओला नॅपकिन.

"सगळं मूळ जागी लावून देतो," ते अखेर म्हणाले. "चिठ्ठ्या आहेत. संक्रांतीपर्यंत होईल."

दर वर्षी संक्रांतीपर्यंतच होणार असतं. 14 जानेवारीला महाराष्ट्रातून माणसं काला आंबला येतात, आणि स्वतःच्या गाडीत काकूंना बसवून तिथपर्यंत जायचं हे काकांचं स्वप्न आहे. शहरापासून जेमतेम आठ किलोमीटर. प्रदर्शनात मोडतं, म्हणतात. गेल्या खेपेला आम्ही सगळे माझ्या गाडीतून गेलो. स्मारकापाशी काका हात जोडून उभे राहिले, बराच वेळ. परत येताना मिस्त्रीच्या दुकानाशी थांबून त्याला तिळगूळ दिला. तो म्हणाला, "म्हारे पुरखे भी उल्टे ना गए, ताऊ. थारी गाड्डी के जावैगी!" काकांनी त्याला आणखी एक लाडू दिला.

माझी गाडी मारुती 800 आहे. 2012 ची. लहान, हलकी, रॅक-पिनियनची. परवा सकाळी दूध आणायला बाहेर पडलो तर गाडीखालून दोन ओळखीच्या चपला दिसल्या. मी हाक मारली. आतून मोजपट्टी गुंडाळल्याचा आवाज आला.

"काही नाही रे, बघत होतो. रॅक छान आहे हिचा."

2027 मध्ये माझ्या गाडीची पंधरा वर्षं भरतात. तारीख मी कधी काकांना सांगितलेली नाही. तरी काल त्यांच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या डिसेंबरच्या पानामागे पेन्सिलीने ती लिहिलेली होती, आणि पुढे एकच शब्द.